गणपती पेठेत बिटकॉइन? करांचा हिशेब आधी मांडा

सांगलीच्या गणपती पेठेतल्या किराणा दुकानांनी बिटकॉइन घ्यावं, असं एका लेखात सुचवलंय; बिटकॉइन म्हणजे इंटरनेटवरचं आभासी नाणं. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहार ज्यात पक्के नोंदले जातात तो गठ्ठा, सरासरी १० मिनिटांनी बनतो. ५०० रुपयांच्या मालासाठी गिऱ्हाईक तेवढं थांबणार नाही. लाइटनिंग या बिटकॉइनवरच उभारलेल्या झटपट जाळ्यावर पैसे सेकंदांत जातात हे खरं, पण त्यासाठी आधी चॅनेलमध्ये, म्हणजे दोघांमधल्या देवाणघेवाणीच्या खात्यात, रक्कम अडकवावी लागते किंवा दुसऱ्याच्या वॉलेटवर विसंबावं लागतं.

त्याहून मोठी अडचण कराची. नाणं देऊन साखर घेतली तरी कायद्याने ते हस्तांतरणच. २०२२ पासून अशा हस्तांतरणात नाण्याचा भाव वाढल्याने झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस, शिवाय एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे दर खरेदीला त्या नाण्याचा मूळ भाव आणि तारीख लिहून ठेवायची. सामान्य माणसाने हे का करावं? यूपीआयवर त्याला एक रुपयाही जादा पडत नाही.