ॲसिडच्या टँकरवर पाणी मारा, हा मेसेज चुकीचा आहे

चार दिवस आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतंय की हायवेला ॲसिडचा टँकर कलंडला तर लोकांनी लगेच बादल्यांनी पाणी मारावं, फायर ब्रिगेडवाले घाबरून लांब उभे राहतात. असं नाहीये. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याला केमिकल कंपनीत सेफ्टीचं काम करतो, आम्हाला हे ट्रेनिंगमध्येच शिकवतात.

तीव्र सल्फ्युरिक ॲसिडवर थोडं पाणी पडलं तरी एवढी उष्णता निघते की ते उकळून अंगावर उडतं. म्हणून फायर ब्रिगेडवाले आधी लांबूनच टँकरची पाटी वाचतात (१८३० नंबर म्हणजे सल्फ्युरिक), वारा पाठीशी घेऊन चढाच्या बाजूला थांबतात, चारी बाजूंनी निदान ५० मीटर रिकामं करतात आणि केमिकल सूट, हवेचा सिलिंडर लावूनच आत जातात. मग कोरड्या वाळूचा बांध, कारण आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पऱ्या (छोटा ओढा) असतोच आणि तिथून ॲसिड थेट खाडीत. ॲसिडचा जोर मारायला चुना, सोडा ॲश नंतर, हळूहळू.

अंगावर उडालं तर मात्र कपडे काढून लगेच भरपूर वाहतं पाणी, २० मिनिटं तरी.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.