साम्राज्याचे निष्ठावंत प्रजाजन कसे व्हावे

सिनेमा-क्रिकेटमधले तारे स्वतःच्या नावावर क्रीमपासून कपड्यांपर्यंत धंद्यांची साम्राज्यं उभारतात. त्यांची प्रजा व्हायचं, तर सर्वात आधी आपल्या आवडत्या ताऱ्याची एकूण संपत्ती तोंडपाठ करा. आकडा कुठून आला, हे विचारण्याचा अगोचरपणा नको. पण कोणी खोदून विचारलंच, तर हिशोब असा मांडावा: एखाद्या गुंतवणूकदाराने ताऱ्याच्या कंपनीत 10 कोटी घालून 5 टक्के हिस्सा घेतला, की कंपनी झाली 200 कोटींची. ताऱ्याकडे 30 टक्के असतील, तर त्याने 60 कोटी कमावले. त्याच्या खात्यात छदामही आलेला नसतो आणि कंपनी तोट्यात असू शकते, पण चहाच्या टपरीवर इतकं बारीक कोण बघतं?

आता ताऱ्याच्या नावाच्या क्रीमची डबी घ्या. नावाची बाजू वर, आणि ती तशीच राहू द्या. उलटी केलीत की घात झाला. मागे 'उत्पादक' आणि 'विपणन' असे दोन वेगळे पत्ते सापडण्याची शक्यता असते. उत्पादक कुठल्या तरी औद्योगिक वसाहतीतला निघेल आणि त्याचा लायसन्स नंबर तुमच्याच न्हाणीघरातल्या निम्म्या किमतीच्या क्रीमवरच्या नंबराशी जुळला, तर भक्तीत खंड पडेल. घटकांची यादी तर अजिबात वाचू नये. तिथे बहुधा पहिला असतो 'अ‍ॅक्वा', म्हणजे पाणी. लॅटिनमध्ये लिहिलं की ते त्वचेला जास्त मानवतं. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, एक टक्क्याच्या खालचे मात्र कसेही. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्याचं रसायन साधारण एक टक्क्यापर्यंतच घालतात. जाहिरातीतलं केशर त्याच्यानंतर आलं असेल, तर ते बहुधा एक टक्काही नाही. ही युक्ती घरात कोणाला सांगू नका.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरले, की कंपनीचा ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र बघता येतं. हा शुद्ध अपव्यय. त्यापेक्षा त्याच शंभराचं लिप बाम घ्यावं. कारण कागदावर मालक भलताच दिसू शकतो: हृतिक रोशनच्या एचआरएक्स या कपड्यांच्या ब्रँडमधले 51 टक्के मिंत्राने 2016 मध्येच घेतले, आलिया भटच्या एड-अ-मम्मा या मुलांच्या कपड्यांच्या ब्रँडचे 51 टक्के रिलायन्स रिटेलने 2023 मध्ये. आपण मात्र 'हृतिकचा टी-शर्ट'च म्हणायचं.

शेअर बाजारात उतरणार असाल, तर चेहरा बघून अर्ज करावा. सचिन तेंडुलकरने आझाद इंजिनिअरिंगमध्ये मार्च 2023 मध्ये सुमारे 5 कोटी घातले. त्याच डिसेंबरात आयपीओ, म्हणजे लोकांना शेअरची पहिली विक्री, आला, भाव 524 रुपये. सचिनला शेअर त्याच्या कितीतरी खाली पडला होता. तरी 'आपण आणि सचिन एकाच कंपनीत' हे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला काय हरकत आहे? आयपीओच्या आधीच्या अशा गुंतवणूकदारांना साधारण सहा महिने विकायला बंदी असते. सातव्या महिन्यात काय होऊ शकतं, तो विषय निघाला की तब्येतीची चौकशी करावी.

फसवी जाहिरात केली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ताऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. दावा तपासून पाहिला होता असं दाखवता आलं, की सुटका. तक्रार करू नका, वाईट वाटेल त्यांना.

आणि बुडालेल्या साम्राज्यांची नावं घेऊ नयेत. अमिताभची एबीसीएल ही मनोरंजन कंपनी 1995 मध्ये थाटात निघाली, 1996 मध्ये बंगळुरूला मिस वर्ल्ड स्पर्धा भरवली आणि काही वर्षांत घेणेकरी दारात. इतकी मोठी माणसं धंद्यात आपटतात, हे पोरांना कळलं तर ती परीक्षेचा अभ्यास सोडून हिशोब शिकतील.

डबी संपली की फेकू नका. गरम पाण्याने दोनदा धुतली की वास जातो. झाकणावर ताऱ्याची सही असेल तर उत्तमच, आत हिंग छान राहतो.