चार गार्ड नेमले की दवाखाना सुरक्षित होत नाही

कुठल्याशा ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरवर किंवा सिस्टरवर हात उचलला गेल्याची बातमी आली की दोन दिवसांत एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडा इकडेतिकडे होतो, पण सांगणं तेच: "खाजगी एजन्सीला ठेका द्या. सगळ्यात कमी दरवाल्याकडून चार दांडगे गार्ड घ्या. गेट, कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), प्रसूती वॉर्ड, पीएम (शवविच्छेदन) रूम, चारही जागांचा बंदोबस्त झाला. गावातली पोरं घेऊ नका, ओळखीपाळखीत सोडतात. काही झालंच तर एजन्सी बघून घेईल."

पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण हाच मजकूर पुढे रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत बोलला जातो आणि त्यावर निविदा निघते. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासून पाहायला हवं.

"चार गार्ड, चार जागा." चार गार्डांत चोवीस तास सांभाळता येते ती एक जागा. गार्डांच्या भाषेत एक पॉइंट. आठवड्याचे तास १६८ आणि एका माणसाचं काम ४८ तासांचं, म्हणजे साप्ताहिक सुट्टी धरून एका पॉइंटला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण आणि सणवार धरले की चार. चारही जागा चोवीस तास हव्या असतील तर पंधरा-सोळा माणसं लागतील, आणि तीस खाटांच्या रुग्णालयाला ती कोणी मंजूर करत नाही. मग चार माणसांत चार जागा दाखवायच्या कशा? बारा तासांची ड्युटी लावून आणि दोन पॉइंट फक्त कागदावर ठेवून. दोघांनी बारा-बारा तास वाटून घेतले आणि सुट्टी घेतलीच नाही, तर प्रत्येकाचा आठवडा ८४ तासांचा होतो. असा माणूस पहाटे तीनला झोपणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आमच्या मते अशा रुग्णालयात चोवीस तासांचे दोनच पॉइंट ठेवावेत, पण ते खरे असावेत. पहिला कॅज्युअल्टीच्या दारात. रात्री दहानंतर बाकी दारं बंद करून येणं-जाणं तिथूनच ठेवलं की गेट वेगळं सांभाळावं लागत नाही. दुसरा प्रसूती वॉर्डाच्या दारात, आणि तिथे महिला गार्डच. ओपीडीच्या वेळेत केसपेपरच्या खिडकीजवळ एक जादा माणूस. हे सगळं नऊ माणसांत बसतं. पीएम रूमला कुलूप, तिची चावी ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याकडे आणि चावीची नोंद वहीत. तिथे माणूस उभा करून काही साधत नाही.

निविदेत "गार्ड नग ९" असं लिहू नये. पॉइंट, वेळ आणि शिफ्ट लिहावी, आणि पॉइंट रिकामा राहिलेल्या प्रत्येक शिफ्टचे पैसे कापले जातील हेही लिहावं. माणसं मोजून बिल दिलं की एजन्सी माणसं दाखवते, पॉइंट भरत नाही.

"सगळ्यात कमी दर म्हणजे जनतेचे पैसे वाचले." या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. सोयीसाठी किमान वेतन महिना १५,००० रुपये धरू. खरा आकडा त्या तारखेच्या सरकारी अधिसूचनेतूनच घ्यावा. त्यावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधी प्रशासकीय शुल्कासह १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआयसी (कामगार राज्य विमा) ३.२५ टक्के, साधारण ४८८. बोनस ८.३३ टक्के, साधारण १,२५०. झाले १८,६८८. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या रिलीव्हरसाठी याचा सहावा भाग, ३,११५. बेरीज २१,८०३. यात गणवेश, टॉर्च, सुपरवायझर आणि एजन्सीचा नफा अजून आलेलाच नाही.

आता कोणी १७,००० चा दर भरला तर वरचे पावणेपाच हजार कुठून येणार? गार्डाच्या ताटातून. पगार बँकेत पूर्ण जमा होतो आणि एटीएम कार्ड सुपरवायझरच्या खिशात असतं. किंवा "वर्दीचे पैसे" म्हणून दोन-तीन हजार रोख परत घेतले जातात. रिलीव्हर नसतोच, त्याच माणसाकडून डबल ड्युटी करून घेतात. म्हणून निविदेतच लिहावं की वेतन आणि वैधानिक रकमा ठरलेल्या आहेत, स्पर्धा फक्त सेवाशुल्कावर होईल, आणि शून्य किंवा नाममात्र सेवाशुल्क भरणारी निविदा बाद होईल. फुकट काम कोणी करत नाही.

बिल पास करताना तीन कागद शेजारी ठेवावेत: हजेरी, बँकेतून गेलेल्या पगाराची यादी आणि भविष्यनिर्वाह निधीची ईसीआर यादी, म्हणजे कोणाच्या नावे किती भरले ती. नुसतं चलान पुरत नाही, कारण चलानावर रक्कम असते, नावं नसतात. दुसऱ्याच ठिकाणच्या कामगारांची ईसीआर जोडून बिल काढण्याचा प्रकार नेहमीचा आहे. नाव आणि निधीखात्याचा यूएएन नंबर एकेक करून जुळवला की अर्ध्या तासात उघडा पडतो. हजेरीची वहीही नीट पाहावी. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणात, आणि पोळ्याच्या दिवशीसुद्धा एकही गैरहजर नाही, तर ती वही एका बैठकीत भरलेली आहे. बायोमेट्रिक लावावं, आणि महिन्यातून दोनदा वैद्यकीय अधिकाऱ्याने रात्री दोन-तीनच्या सुमारास फेरी मारून वहीत वेळ टाकून सही करावी.

"दांडगे गार्ड असले की मारहाण होत नाही." दांडगाई कामाची नाही, शिकलेला माणूस कामाचा. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ प्रमाणे एजन्सीला राज्याचा परवाना लागतो. तो पाच वर्षांचा असतो आणि एका जिल्ह्यासाठी, पाच जिल्ह्यांपर्यंत किंवा पूर्ण राज्यासाठी मिळतो. तेव्हा तुमचा जिल्हा त्यात आहे का, हे आधी बघा. त्याच कायद्याच्या नमुना नियमांत गार्डाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असं प्रशिक्षण सांगितलं आहे. माजी सैनिकाला त्याहून कमी. प्रमाणपत्रं आणि पोलीस पडताळणी माणसागणिक मागावी, एकाची झेरॉक्स नवांना लावू देऊ नये.

खाजगी गार्डाला पोलिसाचे अधिकार नाहीत. त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कोणत्याही नागरिकासारखं तो आरोपीला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने वैद्यकीय कर्मचाऱ्यावरचा हल्ला असाच गुन्हा ठरवला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई. काठी चालवायची परवानगी मात्र यातून मिळत नाही.

आणि भांडण पेटतं कधी? रात्री वावरात पाणी द्यायला गेलेल्याला साप चावतो, फवारणीत कोणाला विषबाधा होते, आणि एका पेशंटमागे मालवाहू भरून वीस माणसं येतात. आत काय चाललंय ते कोणी सांगत नाही. मग "अमरावतीला न्या" म्हणतात आणि १०८ ची रुग्णवाहिका यायला वेळ लागतो. गार्डाचं खरं काम याच तासाभरात असतं. एक नातेवाईक आत, बाकीचे बाकावर. दर पंधरा-वीस मिनिटांनी सिस्टरकडून दोन वाक्यांची खबर आणून बाहेर द्यायची. मृत्यूची बातमी सांगण्याआधी डॉक्टरने गार्डाला खूण करावी, दुसऱ्या गार्डाला बोलावून घ्यावं, आणि पोलिसांसाठी ११२ ला फोन आधीच झालेला असावा. हे कंत्राटात कामाच्या यादीत लिहून, पहिल्याच आठवड्यात रुग्णालयाने स्वतः शिकवावं लागतं. एजन्सी शिकवत नाही.

प्रसूती वॉर्डात लेकरू घेऊन निघालेल्या प्रत्येकाची डिस्चार्जची चिठ्ठी आणि आई-बाळाच्या हातातले पट्टे जुळवल्याशिवाय दार उघडायचं नाही, मग आजी कितीही रागावो.

आगीचा विषय तर मेसेजमध्ये नाहीच. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षातल्या आगीत १० बाळं गेली, हे विदर्भाने विसरू नये. रात्री जागा असण्यासाठीच पगार मिळणारा माणूस म्हणजे गार्ड. मेन स्विच कुठे, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार, मागच्या दाराची चावी कोणाकडे, आणि अग्निशामक पिन काढून ज्वाळेच्या बुडाशी कसा मारायचा, हे त्याला अंधारात करता आलं पाहिजे. दर महिन्याला सराव, आणि तोही रात्रपाळीत.

"गावातली पोरं नकोत." ओळखीत सोडतात, यात तथ्य आहे. पण मेळघाटातल्या धारणीला कोरकू न समजणारा किंवा गडचिरोलीतल्या अहेरीला गोंडी-माडिया न समजणारा गार्ड दारात उभा केला तर तो फक्त अडवू शकतो, समजावू शकत नाही. शेजारच्या तालुक्यातली माणसं घ्यावीत, आणि प्रत्येक शिफ्टला स्थानिक बोली येणारा निदान एक असावा.

"काही झालं तर एजन्सी बघेल." एजन्सीने पगार थकवला तर मुख्य नियोक्ता, म्हणजे काम करून घेणारी मूळ संस्था, म्हणून तो रुग्णालयालाच द्यावा लागतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, २०२० च्या कामगार संहितेतही आहे. हल्ल्याची फिर्याद संस्थेने द्यायची असते, मार खाल्लेल्या सिस्टरला एकटीला ठाण्यात पाठवायचं नसतं. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरच्या बलात्कार-हत्येनंतर केंद्र सरकारने आपल्या रुग्णालयांना १६ ऑगस्ट २०२४ रोजी बजावलं की सहा तासांत प्रमुखाने एफआयआर नोंदवावा. तोच पायंडा इथेही पाडायला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

आणि खाजगी एजन्सी हा एकच रस्ता नाही. १९८१ च्या कायद्याखालची सुरक्षा रक्षक मंडळं आहेत, २०१० च्याच, पण वेगळ्या कायद्याने आलेलं महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ आहे. दर जास्त वाटतात, पण वरची बेरीज करून मगच तुलना करावी.

तरीही एजन्सीच घेणार असाल तर दोन अटी सोडू नका. अनुदान उशिरा आलं तरी तीन महिने पगार देण्याइतकी एजन्सीची ऐपत बँकेच्या कागदावर दिसली पाहिजे, कारण "सरकारनं बिल दिलं नाही" म्हणून दिवाळीत गार्ड घरी बसतात. आणि ठेका ३१ मार्चला संपवू नका. त्या आठवड्यात सगळं कार्यालय बिलांत बुडालेलं असतं, नवी एजन्सी आलेली नसते आणि जुनी माणसं काढून घेते. मुदत जूनअखेर ठेवा, आणि नवे गार्ड जुन्यांसोबत निदान तीन रात्री उभे राहतील असं लिहून घ्या.