कुपोषणाचं खापर भगतावर फोडून मोकळं होऊ नका

पावसाळा लागला की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यातल्या बालमृत्यूच्या बातम्या येतात आणि खाली कमेंट्स ठरलेल्या, 'हे लोक भगताकडेच जातात', 'सरकार एवढं देतं तरी यांचं असंच'. मला मनापासून राग येतो याचा. जातात भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिक-वैदूकडे, खरंय, पण पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत बाईला झोळीत घालून न्यायची, मधला ओढा भरलेला, पुढे गाडी मिळाली तर मिळाली, मग आधी जवळच्या माणसाकडेच जाणार ना कुणीही.

१९९२ ला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं गेली तेव्हा अख्खा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं ताजं जेवण मिळतं, लहान पोरांना अंडी मिळतात, आणि अंगणवाडीताई, आशाताई जीव तोडून काम करतात. पण अंडं अंगणवाडीत आणि पोरगं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, त्याचं काय?

मूळ दुखणं इथे आहे. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतली नागली-वरई वर्षभर पुरत नाही, गावात काम नाही, म्हणून भट्टीमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि दिवाळी झाली की अख्खं घर भट्टीवर. तिथे पोराचं वजन कोण करणार, लस कोण देणार, गरोदर बाईच्या गोळ्यांचं कोण बघणार? पावसाच्या तोंडावर परत येतात तर घरात दाणे संपत आलेले, आई दिवसभर लावणीला चिखलात, तान्हं पोर मोठ्या बहिणीकडे, त्यात जुलाब नाहीतर न्यूमोनिया. आधीच अशक्त पोर किती टिकणार हो?

आणि जी पोरगी यातून जगते ती खुरटलेली, अंगात रक्त नाही, कमी वयात लग्न, मग तिचं बाळ पुन्हा अडीच किलोच्या आत. पाण्याचं तर बोलायलाच नको, वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला आणि मोखाड्याच्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर. पोटुशी बाई डोक्यावर हंडे घेऊन चढ चढते, हे आपल्याला माहीत तरी आहे का?

महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आहे. उचल घ्यायची वेळ यायच्या आधी, म्हणजे दिवाळीपूर्वीच पाड्याजवळ कामं काढा, मजुरी १५ दिवसांत हातात द्या, आणि तरीही जी घरं जातील त्यांच्या पोरांची नावं भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याच आठवड्यात चढवा. आमदार-खासदारांना टॅग करायचं असेल तर ह्यासाठी करा.