क्षुल्लक म्हणून सोडून देणार होतो, पण…

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन झाला आणि दरवर्षीसारखा फॉरवर्डचा पूर आला. त्यातला एक मला चार ग्रुपांवर मिळाला, शाळेच्या, सोसायटीच्या, ट्रेकिंगच्या आणि सासरच्या. मजकूर थोडक्यात असा: मराठीत बारीकसारीक गोष्टींना मोजून तीन शब्द, छोटा, लहान, किरकोळ, बाकी सगळे उसने. सरकार महागाईला ‘किरकोळ’ म्हणून आपली थट्टा करतं. ‘क्षुद्र’ आणि ‘शूद्र’ एकच, कसंही लिहा. ‘क्षुल्लक’ हा अपमानाचा शब्द, घरात उच्चारू नये. आणि ‘चिल्लर’ हिंदी, त्याजागी ‘मोड’ म्हणा. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

सासरच्या ग्रुपवर गप्प बसलो. इथे बोलतो.

तीन शब्द म्हणे! मी भांडी घासता घासता मोजायला लागलो तर फुटकळ, फालतू, जुजबी, मामुली, सटरफटर, चिरीमिरी, किडुकमिडुक, लुंगासुंगा, ऐरागैरा, यःकश्चित, एवढे तर कुकर घासून होईपर्यंत आठवले. आणि गंमत म्हणजे ह्यातला एक काढून दुसरा बसवता येत नाही. ओळख जुजबी असते, फुटकळ नसते. लेखन फुटकळ असतं, पण लेखन लुंगासुंगा म्हणून बघा, जमत नाही, कारण लुंगासुंगा हा माणूसच लागतो. चिरीमिरी टेबलाखालून जाते. किडुकमिडुक म्हणजे घरातलं ते थोडंफार सोनं, कानातलं, मुलीची अंगठी, जे अडचणीच्या वेळी रुमालात बांधून गहाण टाकायला नेतात, आणि तेव्हा ते अजिबात किडुकमिडुक वाटत नाही. यःकश्चित म्हणजे संस्कृतात ‘जो कोणी’, कुणीही, आणि आपल्याकडे तो नम्रपणे स्वतःलाही लावतात आणि माजाने दुसऱ्यालाही.

बरं शब्द सोडा, मराठीला वस्तू बारीक करायला वेगळा शब्दसुद्धा लागत नाही. डब्याची डबी, टोपल्याची टोपली, सुऱ्याची सुरी. राग आला की थेट नपुंसकलिंगात ढकलायचं, ‘एवढं घोडं झालं तरी अक्कल नाही’. आणि ‘चहाबिहा घेणार का’, ह्यातला तो बिहा मला फार आवडतो, पाहुण्याला वाटू नये की आपल्यासाठी मुद्दाम काही करताहेत म्हणून चहाचं वजनच कमी करून टाकलं.

उसने आहेत का ह्यातले काही? आहेत की. जुजबीतला जुज म्हणजे अंश, भाग, तो अरबीतून फारसीमार्गे आलाय, मामुलीपण तसाच. पण इतकी शतकं झाली, परत मागायला कोणी आलेलं नाही.

आणि हे शब्द नुसते हिणवायला नसतात, आधी ते मोजायला असतात, हे ज्याने बाजारात चार दिवस काढलेत त्याला सांगावं लागत नाही. आपल्या नाशिकच्या सराफ बाजारात जुन्या माणसांशी बोला, ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तोळा साधारण ११.६६ ग्रॅम, म्हणजे गुंज झाली ०.१२ ग्रॅमच्या आसपास. गुंजेलाच रतीही म्हणतात. ‘रतीभर अक्कल नाही’ म्हणणाऱ्याला आजच्या भावाने रतीभर सोनं घ्यायला लावा, मग कळेल रती किती ती. कांद्याचंही तेच. निवडताना बारका कांदा बाजूला काढतात ती गोल्टी, आणि ती टाकून देत नाहीत, तिचा भाव वेगळा पुकारला जातो. कांद्याला कवडीमोल भाव मिळाला असं छापून येतं तेव्हासुद्धा आधी कवडी हे खरंखुरं चलन होतं हे विसरायला होतं.

आता किरकोळ महागाई. हा मुद्दा वाचून मी खरंच हसलो आणि मग हसू थांबलं, कारण खाली अठरा जणांनी रागाचे इमोजी टाकले होते. अहो, किरकोळच्या विरुद्ध इथे गंभीर नाही, घाऊक! पिंपळगावच्या कांदा बाजारात क्विंटलवर जो भाव निघतो तो घाऊक, आणि तुम्ही रविवार कारंज्यावर पिशवी पुढे करून किलोभर घेता तो किरकोळ. ग्राहक म्हणून आपल्याला जी महागाई चटका देते तीच किरकोळ महागाई, आणि रिझर्व्ह बँक जे ४ टक्क्यांचं लक्ष्य ठेवते, २ टक्के वर किंवा खाली चालेल असं, ते हिचंच. म्हणजे दोन्हींतली जास्त दुखणारी तीच.

क्षुद्र-शूद्र मात्र हसण्यावारी नेता येत नाही. क्षुद्र हा क्षुद् ह्या धातूपासून, अर्थ कुटणं, चुरा करणं. कुटून बारीक झालेलं ते क्षुद्र. शूद्र हे वर्णाचं नाव, वेगळा शब्द, वेगळी सुरुवात, वेगळा इतिहास. दोन्ही एक म्हणून लिहायचं म्हणजे ‘माझा शुद्र विचार’ असं टाइप करताना एका मोठ्या समाजाला आपण न कळत काय म्हणून मोकळे होतो ह्याचा जरा विचार करा. ही टायपिंगची चूक म्हणून मी तरी सोडणार नाही. आणि क्षुद्र म्हणजे कमअस्सल असंही नाही. आकाशातल्या क्षुद्रग्रहांपैकी एक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर आदळला आणि डायनासोर गेले. पाली भाषेत हाच शब्द खुद्द होतो. बौद्ध त्रिपिटकात खुद्दक निकाय आहे, नाव ‘लहानांचा संग्रह’ आणि आत धम्मपद, जातककथा, पाचही निकायांत सगळ्यात जास्त ग्रंथ त्याच्यातच. आपल्याकडच्या त्रिरश्मी ह्या बौद्ध लेण्यांच्या पायऱ्या चढताना हे आठवलं तर दम लागला तरी बरं वाटतं.

क्षुल्लक हा तर ह्याच क्षुद्राचा भाऊ, प्राकृत बोलीतून गुळगुळीत होऊन संस्कृतात शिरलेला, आणि शिरला तो फार लवकर, अथर्ववेदात किडे मारायचा मंत्र आहे त्यात बारक्या किड्यांना क्षुल्लक म्हटलंय. अपमान म्हणाल तर हा एवढाच, आणि तो किड्यांचा. उलट दिगंबर जैनांमध्ये क्षुल्लक ही दीक्षेची पायरी आहे. क्षुल्लकजी दोन वस्त्रं ठेवतात, त्यांच्या वर ऐलक, एकच लंगोटी, आणि त्यांच्याही वर मुनी. बायका क्षुल्लिका होतात. म्हसरूळला गजपंथाला किंवा मांगीतुंगीला, ह्या जैन तीर्थांना जाऊन ‘हा शब्द घरात उच्चारू नये’ असं सांगून बघा कोणाला, लोक पाया पडतात हो त्यांच्या.

राहिली चिल्लर. हिंदीत आहे, पण मूळची ती दक्षिणेची, कन्नडमध्ये चिल्लरे, तेलुगूत चिल्लर, तमिळमध्ये चिल्लरै. बरं, मोड म्हणजे चिल्लर नव्हेच. पाचशेची नोट मोडली की मिळते ती मोड, त्यात शंभराच्या नोटा असतील, एकही नाणं नसेल. चिल्लर म्हणजे खुळखुळणारी. चवली दोन आण्यांची, पावली चारची, अधेली आठची, ते सगळं १९५७ च्या एक एप्रिलपासून नव्या पैशांनी मागे टाकलं, आणि २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ ला बाद झाली. ५० पैशांचं कायद्याने आजही चालतं, दुकानदार घेत नाही तो भाग वेगळा, त्याबदल्यात गोळी हातावर ठेवतो.

परवा बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर मेथीचे वाटे लावून बसलेल्या एका आजींना मी दोनशेची नोट दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, परत माझ्या हातात दिली, म्हणाल्या, “मोड नाई रे बाबा, चिल्लर आसंल तर दे.”