गोपनीय गुंतवणूक, अंबडच्या बाकावर

गाडी सर्व्हिसिंगला नाशिकच्या अंबडला टाकली होती. ‘अर्ध्या तासात देतो साहेब’ म्हणाले म्हणजे दुपार गेलीच, म्हणून बाकावर लॅपटॉप उघडला. म्युच्युअल फंडांच्या एकत्रित स्टेटमेंटवरून हिशोब मांडणारी एक साइट आहे. सगळं ब्राउझरच्या आतल्या आत, फाइल कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. खात्री करायला हॉटस्पॉट बंद केला, तरी बिनबोभाट चालली. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे आपला पॅन, तोसुद्धा हात आडवा धरून टाकला.

आकडे उमटले आणि कानाशी आवाज आला, "एक्सआयआरआर, म्हणजे वर्षाचा परतावा, सातच टक्के? मग एफडी काय वाईट होती?"

शेजारचे काका. तोंडात बडीशेप, चष्मा माझ्या स्क्रीनसाठी खास नाकाच्या शेंड्यावर.

"काका, जरा खाजगी आहे."

"असू द्या, असू द्या. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालो मी. जन्मभर नोटा छापल्या, रोज गेटवर झडती दिली, पण आत काय चालतं ते बायकोलाही सांगितलं नाही." एवढं बोलून पलीकडच्या स्कूटरवाल्याला म्हणाले, "अहो, यांचे फंड चार आणि चारहीत त्याच दोन बँका!"

स्कूटरवाला सरकून जवळ आला.

"आणि सगळे रेग्युलर, एजंटमार्फतचे? बिनकमिशनचं डायरेक्ट २०१३ पासून मिळतंय की! कोणी गळ्यात मारले?"

आता बायकोचा मामेभाऊ एजंट आहे हे अख्ख्या बाकाला कशाला सांगू? त्याचं कमिशन रोजच्या एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या भावातूनच, परस्पर जातं. सहामाही स्टेटमेंटात आकडा छापतात म्हणे, पण तिथवर वाचत कोण जातं! वर दर दिवाळीला हाच माणूस आमच्याकडे फराळाला येऊन ‘मार्केट लाँग टर्म बघायचं असतं, दाजी’ असं ऐकवतो. चकल्या आमच्या, कमिशनही आमचंच.

"नातेवाईक ना?" काकांनी ओळखलंच. "आजच डायरेक्टला टाका."

"तसं नसतं काका. स्विच म्हणजे विक्रीच धरतात. वर्षात सव्वा लाखाच्या वर नफा गेला की साडेबारा टक्के टॅक्स."

"म्हणजे सव्वा लाखाच्या वर नफा आहे!" काका मोठ्यांदा म्हणाले.

सुपरवायझर कधीपासून मागे उभा होता कुणास ठाऊक. "साहेब," तो अदबीनं म्हणाला, "ऑइल झालंय. पण ब्रेक पॅड, क्लच प्लेट आणि पुढचे दोन्ही टायर बदलूनच घ्या."