लोगो डावीकडे की उजवीकडे

"याला कॉम्प्युटरमधलं कळतं," असं नाना भर बैठकीत म्हणाले आणि नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातला मी साधा सुपरवायझर, द्राक्षांवरच्या तांत्रिक परिषदेचा 'सादरीकरण प्रमुख' झालो. घरचा प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करणं, एवढीच माझी पात्रता.

काम म्हटलं तर सोपं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी, बागायतदार जरा मोकळे असताना, त्र्यंबक रोडवरच्या एका सभागृहात अकरा वक्ते बोलणार. त्यांच्या स्लाइड गोळा करून एका लॅपटॉपवर भरायच्या. मी सुचवलं, सगळ्यांनी एकाच प्रकारची फाइल द्यावी, पडद्याचं माप सोळास नऊ ठेवावं आणि हे सगळं आदल्या दिवशी यावं.

"बरोबर आहे, एकसारखेपणा पाहिजेच," नाना म्हणाले. मग दोन तास एकसारखेपणा ठरला. लोगो डावीकडे की उजवीकडे? किनार हिरवी की काळी? (हिरवीला थॉमसन ही हिरवी द्राक्षं पिकवणाऱ्यांचा पाठिंबा, काळीला शरद ही काळी द्राक्षं पिकवणाऱ्यांचा. चहा दोनदा आला.) फाइल, माप, वायर? "ते तू बघ रे."

बघितलं. एका सरांनी लॅपटॉपच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यात त्यांचा स्वतःचा चष्माही उमटलेला. दुसऱ्यांनी लिंक धाडली; ती उघडायला परवानगी त्यांनीच द्यायची होती आणि ते बागेत, रेंजच्या बाहेर. तिसऱ्यांना मी म्हटलं, पीडीएफ द्या, फॉन्टही फाइलीतच बसतात, २००८ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक आहे. "पण त्यात माझा घड उडत येत नाही ना!" त्यांचा घड डाव्या कोपऱ्यातून गिरक्या घेत येतो. मानकापेक्षा घड मोठा.

परिषदेच्या दिवशी पहिल्याच वक्त्यांनी मराठी स्लाइड लावली. त्यांनी ती कुठल्या तरी जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केली होती आणि तो फॉन्ट त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरच राहिला होता. पडद्यावर 'भुरी नियंत्रण'च्या (भुरी म्हणजे द्राक्षावरचा एक बुरशीजन्य रोग) जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम यांची जत्रा. मागून आवाज आला, "हे औषधाचं नाव आहे का?" दोघांनी लिहूनही घेतलं.

दुसऱ्यांच्या स्लाइड चारास तीनच्या. कुणीतरी, म्हणजे मीच, त्या ताणून पडदाभर केल्या. सगळं एक तृतीयांशाने रुंद झालं. सोनाका म्हणजे लांबट मण्यांची जात. पडद्यावर ते मणी असे फुगले, की पिंपळगावचे एक अप्पा उभेच राहिले. "ही नवी जात कुठली? लावायला काडी मिळेल का?" वक्ते माझ्याकडे बघत होते. मी छताकडे.

छतातून प्रोजेक्टरची वायर लोंबत होती, पंधरा पिनांची, व्हीजीए. तिसरे वक्ते पुण्याचे. त्यांना स्वतःचाच लॅपटॉप हवा, आणि तो इतका सडपातळ की त्याला टाइप-सीखेरीज भोकच नाही. व्हीजीए १९८७ सालचं, पॉवरपॉइंटही १९८७ सालचं, पण त्या दोघांची गाठ घालून द्यायला मला स्कूटर काढून एम. जी. रोडला जावं लागलं. अ‍ॅडॉप्टर माझ्या पैशांनी. तोवर नानांनी आभारप्रदर्शन आधीच उरकून घेतलं होतं. अजून नऊ वक्ते बोलायचे होते.

संध्याकाळी आवराआवर करताना अ‍ॅडॉप्टर दिसेना. रात्री पुण्याहून फोन आला, "अहो, ते चुकून आमच्या बॅगेत आलंय. पुढच्या वर्षी आणतो की!"

परवा पुढच्या वर्षाच्या पहिल्या बैठकीचं पत्र आलं. विषय क्रमांक १: लोगो मध्यभागी घ्यावा काय.